नाक दाबून भरवलेला घास

मी माझ्या मुलीला काय केलं ते आधीच सांगून टाकतो. मागाहून सांगायचं ठरवलं तर मी ते टाळीन. टाळण्यात मी किती तरबेज आहे ते पुढे येईलच.

सई तेव्हा सहा वर्षांची होती. मी तिचे दोन्ही हात माझ्या गुडघ्यांमध्ये धरले, डाव्या हाताने तिचं नाक दाबलं, आणि श्वास घ्यायला तिने तोंड उघडल्याबरोबर वरण-भाताचा चमचा आत सारला. तिने श्वास आणि घास एकदमच ओढला. ती गुदमरली. तिचे ओठ निळे झालेले मी पाहिले.

हे मी रागाच्या भरात केलं असं म्हणायची सोय आहे, आणि बरेच दिवस मी स्वतःला तसंच सांगत होतो. पण मला राग आलेला नव्हता. मला लाज वाटत होती. चार नातेवाइकांसमोर माझी मुलगी जेवत नाही याची. त्या लाजेपायी मी ते केलं, आणि आता तिच्याहून कितीतरी मोठी लाज घेऊन हे लिहायला बसलो आहे.

सईचे उपचार चालतात तिथल्या मॅडमनी एक फाईल ठेवली आहे. नव्याने येणाऱ्या आईबापांना वाचता यावं म्हणून जुन्या पालकांनी त्यात आपापलं लिहून ठेवायचं. मी ती फाईल पूर्ण वाचली. सगळी पानं आयांनी लिहिलेली. बापाचं एकही नाही. म्हणून हे.

सई काय खायची

आम्ही हुडकेश्वरला राहतो. मी, माझी बायको मनीषा आणि आमची एकुलती सई. मी बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात तपासणी विभागात आहे. मूळ घर उमरेडच्या बाजूला, शेती अजून आहे. आमच्याकडे ताटात टाकून उठणाऱ्या माणसाकडे लोक वेगळ्याच नजरेने पाहतात. मी त्यातच वाढलो.

सई फक्त कोरडं आणि कुरकुरीत खायची. मुरमुरे, फुटाणे, भाजलेला पापड, एकाच दुकानातले टोस्ट, पोळीचा वरचा कडक पापुद्रा. भात खायची, पण थंड, मोकळा, कोरा. त्यावर वरणाचा एक थेंब पडला की ते ताट तिच्यासाठी संपलं. केळ्याचं साल सोललेलं दिसलं तरी तिला उबळ यायची. फोडणीचा वास आला की ती बाथरूममध्ये जाऊन दार लावून घ्यायची. मिक्सर लावायच्या आधी तिला सांगावं लागायचं. फ्रॉकच्या मानेमागची पट्टी कापून टाकावी लागायची आणि नखं ती झोपेत असतानाच कापता यायची.

या सगळ्या गोष्टी एकाच सुताने बांधलेल्या आहेत हे आमच्या कधी लक्षात आलं नाही. नखं वेगळी, मिक्सर वेगळा, वरण वेगळं. आमच्या लेखी ती हट्टी होती. 'आमच्या' असं लिहिलं, तेही खरं नाही. माझ्या लेखी.

मनीषा म्हणायची, "अहो, हिले खरंच त्रास होते. मी रोज पाहते ना."

मी म्हणायचो, "तूच लाडावून ठेवली तिला."

सहा वर्षं आमच्या घरात हे एकच भांडण चाललं. शब्दही तेच.

वास्तूचा दिवस

माझ्या मोठ्या बहिणीने, रेखाताईने, नवं घर बांधलं. वास्तुशांतीला सगळे जमले होते. दुपारची पंगत बसली. वडाभात, कढी, वरण, पुऱ्या. सई माझ्या शेजारी होती आणि तिच्यासमोर घरून आणलेला मुरमुऱ्यांचा डबा उघडा होता. पत्रावळीवर वाढलेल्या पदार्थांना हात लागू नये म्हणून तिने ती पायाने दूर सरकवली.

समोरच्या रांगेतून आमचे एक मामा म्हणाले, "काय गा विलास, पोरीले मुरमुऱ्यावर पाळून राहिला काय?"

लोक हसले. वाईट हेतूने कोणी हसलं नाही. ताई वाढत होती. ती थांबून म्हणाली, "हाडं दिसून राहिली पोरीची. एक डाव जरा धाक दाखव, बरोबर खाते. बाप कशाले असते मग?"

मी डबा बंद केला. वाटीत वरण-भात कालवला, सईला उचललं आणि आतल्या खोलीत नेऊन दार लोटलं. मनीषा मागच्या अंगणात पुऱ्या लाटायला बसली होती.

"सई, एक घास. फक्त एक."

"नको पप्पा. ते ओलं आहे."

"एकच."

"ते माझ्या तोंडात चिकटून राहते, पप्पा. मग मला श्वास नाही येत."

माझ्या मुलीने सगळं नीट शब्दांत सांगितलं होतं. डॉक्टरांना जे शोधायला पुढे वेळ लागला ते तिने मला दोन वाक्यांत सांगितलं. मी ऐकलं, आणि मग तिचे हात धरले.

पुढचं वर लिहिलं आहे. ताईने दार उघडलं, सईला उलटी धरून पाठीत थापट्या मारल्या. घास बाहेर पडला, पाठोपाठ ओकारी झाली. सई रडली नाही. खोकून झाल्यावर ती गादीच्या कोपऱ्यात सरकली आणि माझ्याकडे पाहत बसली. चेहऱ्याकडे नाही. माझ्या हातांकडे.

मी बाहेर आलो, हात धुतले, आणि पंगतीत माझ्या जागेवर बसून जेवलो. वडाभात दोनदा घेतला. कोणी विचारलं तर म्हणालो, "ठसका लागला होता. आता बरी आहे."

मग तिने सगळंच सोडलं

दुसऱ्या दिवसापासून सईने भात बंद केला. तिचा तो कोरा भातसुद्धा. दोन दिवसांनी पोळी. मग पापड. मुरमुऱ्यांच्या डब्याकडे ती पाहायलाही तयार नव्हती, कारण त्या दिवशी तो डबा तिथे होता. शेवटी टोस्ट आणि पाणी उरलं, आणि मी घरात असलो की तेही नाही.

मनीषाला सईनेच सांगितलं होतं. "पप्पांनी माझं नाक बंद केलं." मनीषाने ते वाक्य मला जसंच्या तसं ऐकवलं आणि पुढे एक शब्द बोलली नाही. मला वाटलं होतं ती आरडाओरडा करेल. तो परवडला असता. ती मला वाढायची, माझा डबा भरायची, पण माझ्यासोबत जेवायला बसत नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात सई शाळेत प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन पडली. फोन आला तेव्हा मी कारखान्यात होतो. बुटीबोरीहून धंतोलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत रस्ताभर माझ्या डोक्यात एकच विचार होता, आणि तो सईचा नव्हता. डॉक्टर काय विचारतील, हा होता.

दवाखाना

सईच्या अंगात पाणी कमी झालं होतं, रक्तही फार कमी भरलं. हाताला सलाइन लावलं. बालरोगतज्ज्ञ तरुण होते, शांतपणे बोलत होते. त्यांनी खाण्याच्या सवयी विचारल्या, मनीषाने सांगितल्या. मग ते म्हणाले, "खाण्यावरून कधी जबरदस्ती झाली का? घास अडकला, गुदमरली, असं काही?"

"नाही डॉक्टर," मी म्हणालो. "एकुलती एक आहे. कोण जबरदस्ती करणार?"

सई जागी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, मग खिडकीकडे तोंड केलं. मनीषा सलाइनची नळी सरळ करत राहिली. नळी सरळच होती.

डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

आम्ही पाच दिवस तिथे होतो. सकाळी वजन, मग रक्त, मग अकरा वाजता खिचडीची गाडी. चाकांचा आवाज कॉरिडॉरच्या टोकाला आला की सई चादर डोक्यावरून ओढून घ्यायची. हाताला लावलेली चिकटपट्टी ती नखाने सोलून काढायची. दवाखान्याचा गाऊन तिने एकदाही अंगावर ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, तोंडाने काही जात नसेल तर नाकातून नळी घालून पातळ आहार द्यावा लागेल.

नाकातून. तो शब्द ऐकून मी उठून बाहेर गेलो आणि बराच वेळ आत आलो नाही. मनीषाने एकटीने कागदावर सही केली.

ती नळी घालावी लागली नाही. ते डॉक्टरांमुळे नाही आणि आमच्यामुळे तर नाहीच. वॉर्डात शीलाबाई म्हणून आया होत्या, पन्नाशीच्या. दुपारी लादी पुसून झाली की त्या दाराजवळच्या स्टुलावर बसून कागदातून मुरमुरे-फल्लीदाणे खायच्या. सई त्यांच्याकडे पाहायची. तिसऱ्या दिवशी शीलाबाई उठल्या, कागदाचा एक तुकडा फाडला, त्यावर मूठभर मुरमुरे ठेवले, दाणे निवडून बाजूला केले, आणि तो कागद सईच्या खाटेजवळच्या टेबलावर ठेवून बादली घेऊन निघून गेल्या. 'खा' म्हणाल्या नाहीत. वळूनही पाहिलं नाही.

मी दाराच्या काचेतून पाहत होतो. सईने एक मुरमुरा उचलला, परत ठेवला. पुन्हा उचलला. मग खाल्ला. सईने सात मुरमुरे खाल्ले. मी आत गेलो असतो तर तिने आठवा खाल्ला नसता, एवढं मला तोवर कळलं होतं. म्हणून काचेबाहेरच उभा राहिलो. तिने आठवा खाल्ला.

ताई

रेखाताई चौथ्या दिवशी आली. आमच्यासाठी डबा घेऊन आली होती. सईला लांबूनच पाहिलं आणि कॉरिडॉरमधल्या बाकावर माझ्याशेजारी बसली.

"विलास, मी दार उघडायच्या आधी आवाज ऐकला होता," ती म्हणाली. "पोरगी 'नको, नको' म्हणून राहिली होती. मी दाराबाहेर उभी होती. मले वाटलं, बाप आहे, बरोबर करून राहिला असन. ठसक्याचा आवाज आला तेव्हा उघडलं."

तिने पदर डोळ्यांना लावला.

"मीच तुले डिवचलं ना. काहून बोलली मी तसं."

मी म्हणायला हवं होतं, ताई, तू फक्त बोललीस, हात माझे होते. मी ते म्हणालो नाही. तिला रडू दिलं. या पापात कोणीतरी वाटेकरी आहे याचं मला त्या क्षणी बरं वाटत होतं. हे लिहिताना मान खाली जाते आहे, पण तसं वाटलं होतं.

ही हट्टी नाही

चिकटपट्टी, गाऊन, खिचडीचा वास, हे सगळं डॉक्टर पाहत होते. सुट्टी देताना त्यांनी एका ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे चिठ्ठी दिली. याच त्या फाईलवाल्या मॅडम.

त्यांनी तासभर सईला फक्त खेळू दिलं. वाळू, कापूस, ओला स्पंज, शिट्टी. मग तिला बाहेर मदतनीस ताईंकडे पाठवून आम्हाला समोर बसवलं.

"ही हट्टी नाही," त्या म्हणाल्या. "स्पर्श, वास, आवाज हिला आपल्यापेक्षा फार तीव्र जाणवतात. जिभेवर ओलं-मऊ आलं की हिचं शरीर ते बाहेर फेकतं. ती ठरवून करत नाही."

मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

मी सांगितलं. कापडाचा ताका पुढे सरकत असतो आणि मी त्यावर हात फिरवत असतो. धागा कुठे जाड झाला, कुठे गाठ आली, ते डोळ्यांआधी माझ्या बोटांना कळतं. आमच्या विभागात त्यासाठी माझं नाव आहे.

"तुमच्या बोटांना जे कळतं ते हिच्या जिभेला कळतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला त्याबद्दल शाबासकी मिळते, एवढाच फरक."

मनीषा रडायला लागली. सहा वर्षं ती जे म्हणत होती ते पहिल्यांदा कोणीतरी खुर्चीत बसून खरं ठरवलं होतं. मला मात्र सुटल्यासारखं अजिबात वाटलं नाही. मुलगी हट्टी आहे, याच एका आधारावर मी उभा होतो. तो काढून घेतल्यावर नुसता मी उरलो आणि मी केलेलं उरलं.

मी विचारलं, "ही पूर्ण बरी होईल?"

"खाण्याचे पदार्थ वाढतील. त्रास कमी होईल. सगळं खाणारी मुलगी होईल असं मी तुम्हाला सांगणार नाही."

आणि मग त्यांनीही तोच प्रश्न विचारला. खाण्यावरून काही वाईट अनुभव? मी पुन्हा नाही म्हणालो. दुसऱ्यांदा खोटं बोलायला पहिल्याइतका वेळ लागत नाही.

चमचा

पहिले तीन आठवडे मॅडमनी चमच्यापासून सुरुवात केली. रिकामा चमचा हातात धरायचा, त्याने बाहुलीला भरवायचं, मग ओठांना लावायचा. बहुतेक मुलांना हा खेळ जमतो म्हणे. सई दर वेळी जास्तच आक्रसत गेली. घरी आल्यावर टोस्टही कमी झाला. मॅडम वहीत लिहायच्या आणि त्यांच्या कपाळावर आठी पडायची. त्यांना कळत नव्हतं. मला कळत होतं.

एके दिवशी त्यांनी चमचा पुढे केला तेव्हा सई टेबलाखाली शिरली आणि दोन्ही हातांनी नाक झाकून बसली.

"नाक का झाकते ही?" मॅडमनी आमच्याकडे पाहिलं.

मनीषाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या चित्रांकडे पाहिलं.

"सर्दी आहे तिले," मनीषा म्हणाली.

खाली गाडीजवळ आल्यावर मनीषाने सईला पुढे उभं केलं, हेल्मेट हातात घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आज मी तुमच्यासाठी खोटं बोलली. पोरीसमोर. आता नाही बोलणार. तुम्ही सांगा, नाही तर पुढच्या मंगळवारी मी सांगते."

मी किल्ली तिच्या हातात दिली आणि पुन्हा जिना चढलो. दोन मजले. मॅडम वाळूचा डबा आवरत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. हात कसे धरले, नाक कसं दाबलं, दवाखान्यात काय म्हणालो, इथे काय म्हणालो.

त्यांनी मला धीर दिला नाही आणि रागावल्याही नाहीत. वही उघडली, मागची तीन पानं चाळली आणि म्हणाल्या, "हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी चमच्याला हात लावला नसता."

तीन आठवडे, आठवड्यातून दोनदा, मी माझ्या मुलीला त्या चमच्यासमोर बसवत आलो होतो. फक्त माझं नाव चांगलं राहावं म्हणून.

नव्या पालकांना मला एवढंच ठामपणे सांगता येतं. केलं असेल तर सांगून टाका. उपचार करणाऱ्या माणसाला अर्धंच माहीत असेल तर उरलेल्या अर्ध्याचा मार तुमचं लेकरू खातं.

जिन्यावर

मॅडम म्हणाल्या, "काही महिने तुम्ही तिच्या जेवणाच्या वेळी समोर राहू नका. ही शिक्षा नाही. ताट आणि तुम्ही एकत्र दिसलात की तिचं शरीर घाबरतं."

तेव्हापासून सईचं जेवण होईपर्यंत मी आमच्या इमारतीच्या जिन्यावर बसायला लागलो. कामावरून यायचो, तिला भेटायचो, थोडं खेळायचो आणि मनीषाने खूण केली की बाहेर. कधी वीस मिनिटं, कधी तास. वरच्या मजल्यावरचे काका येता-जाता विचारायचे, "काय गा, घरात भांडण झालं काय?" मी मोबाइल कानाला लावायचो.

आत जे घडलं ते सगळं मनीषाचं. तिने चमचे कपाटात टाकले. सईला पापड भाजायचा छोटा चिमटा आवडायचा. ती त्याने उचलून खायला लागली आणि मॅडम म्हणाल्या, खाऊ द्या. मनीषा परातीत कोरडे पोहे ओतायची आणि त्यात बटणं लपवायची, सईने ती हाताने शोधायची. मग किंचित ओले पोहे, शेजारी कोरडा टॉवेल. ताटाशेजारी एक रिकामी वाटी असायची, तोंडातलं नको वाटलं तर त्यात थुंकायला. माझ्या आईला हे फोनवर कळलं तेव्हा ती म्हणाली, "थुंकाले शिकवून राहिले पोरीले?" मनीषा म्हणाली, "हो आई. थुंकता येते म्हणून ती तोंडात घालते."

मुरमुरे परत आले. मग पापड, कोरा भात. मग कडक धिरड्याची कड. आणि एक दिवस काकडी. काकडी ओली असते पण कुरकुरते. मनीषाने दार उघडून मला जिन्यावर फक्त तेवढाच शब्द सांगितला आणि दार लावून घेतलं.

सरळ रेषेत काही झालं नाही. एप्रिलमध्ये कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या तर त्या ओल्या वासाने सईने दोन दिवस काही खाल्लं नाही. आम्ही कूलर काढला आणि ऐन उन्हाळ्यात पंख्याखाली राहिलो. जुलैत ताप आला आणि चार पदार्थ गेले. त्यातले दोन अजून परत आलेले नाहीत.

माफी

मॅडमनी बजावलं होतं, माफी मागा, पण कारणं देऊ नका. मी दोन महिने लांबवलं.

कारखान्यातून मी सईसाठी कापडाचे नमुने आणतो. ती त्यांवर हात फिरवून दोन ढीग करते, 'चांगलं' आणि 'नको'. एका रविवारी सकाळी ती ते करत असताना मी समोर खाली बसलो.

"सई, आत्याच्या नव्या घरी मी तुझं नाक दाबलं होतं. तू नको म्हणाली होतीस. मी ऐकायला हवं होतं. माझी चूक होती."

ती एक तुकडा 'नको'त ठेवत म्हणाली, "मला माहीत आहे."

मग थोड्या वेळाने, "तू डॉक्टरांना नाही म्हणाला."

"हो. खोटं बोललो."

"मग त्यांना सांग."

पुढच्या तपासणीला आम्ही तिघं गेलो. मी डॉक्टरांना सांगितलं, सई बाजूला उभी असताना. डॉक्टरांनी जुने कागद काढले, तिथे जे लिहिलं होतं ते खोडलं आणि वर नवीन लिहिलं. सईने टाचा उंचावून ते खोडलेलं पाहिलं. खाली उतरताना तिने मनीषाचा हात धरला होता. माझा नाही.

तिने मला माफ केलं का, हे मला माहीत नाही. विचारायचा अधिकार आहे असंही वाटत नाही.

मागच्या महिन्यात

सई आता साडेसात वर्षांची आहे. ती एकोणीस पदार्थ खाते. वरण खात नाही आणि बहुधा खाणारही नाही. रक्त भरलं आहे, वजनही वाढलं आहे. मनीषा आता माझ्यासोबत जेवते. ती कधीपासून बसायला लागली ते आम्ही दोघांनी बोलून दाखवलेलं नाही.

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी मी नेहमीप्रमाणे जिन्यावर होतो. दार उघडलं. सई होती, हातात चिमटा.

"पप्पा, आज तू आत बस," ती म्हणाली. "पण तोंड तिकडे कर."

मी आत गेलो. मनीषाने एक खुर्ची भिंतीकडे वळवून ठेवली. मी बसलो. तिने माझं ताट मांडीवर दिलं. माझ्यासमोर भिंत होती, कॅलेंडरचा खिळा, आणि रंगाचा एक पोपडा. मी हळूहळू चावत राहिलो, आवाज होऊ नये म्हणून.

मागे चिमट्याचा टक्क असा आवाज आला, आणि काकडी चावल्याचा.

"वळू नको हं," सई म्हणाली.

"नाही वळत," मी म्हणालो.

ती पुन्हा खायला लागली.